विसर्जन नाही, मग जपायची कशी? पीओपीच्या जुन्या मूर्ती पुन्हा रंगवताना काय बिघडतं?

गणेशोत्सवातल्या पीओपी मूर्तींवरचा वाद गेली काही वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: मूर्ती पाण्यात सोडायची की नाही? पण या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आलं, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. पाण्यात न गेलेल्या मूर्तीचं करायचं काय?

यावर एक सोपं उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं: 'मूर्ती ठेवून द्या. पुढच्या वर्षी रंग मारून पुन्हा बसवा.' कागदावर हे छान वाटतं. खर्च वाचतो, पाणी वाचतं. पण प्लास्टरची मूर्ती वर्षानुवर्षं टिकवणं हे 'रंग मारण्या'पेक्षा बरंच वेगळं काम आहे. ते चुकलं, तर मूर्ती जपण्याच्या नादातच मूर्तीचा चेहरा हरवतो.

हे काम असतं काय, ते बिघडतं कुठे आणि आपल्याकडे त्याची तयारी किती आहे, हे समजून घेऊया.

आधी थोडक्यात: वाद कुठपर्यंत आला?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि पीओपीला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. त्याचा पहिला फटका त्या वर्षीच्या माघी गणेशोत्सवाला बसला. कांदिवलीतल्या चारकोपसह मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या काही मंडळांनी कृत्रिम तलावात विसर्जन करायला नकार दिला आणि मोठ्या मूर्ती झाकून ठेवल्या. दहा दिवसांसाठी घडवलेल्या मूर्ती काही महिने तशाच उभ्या राहिल्या.

९ जून २०२५ ला न्यायालयानं पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाणवठ्यांतलं विसर्जन मोकळं केलं नाही. मग २४ जुलैला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं सांगितलं, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. त्याहून उंच मूर्तींना समुद्रात किंवा इतर नैसर्गिक पाणवठ्यांत विसर्जनाची सवलत मिळाली, ती मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी.

म्हणजे मूर्ती घडवता येते, विकता येते, बसवता येते. अडचण आहे ती शेवटच्या टप्प्यावर. म्हणूनच 'कायमस्वरूपी मूर्ती' हा पर्याय पुन्हा पुन्हा चर्चेत येतो.

पुण्यात हे आधीपासून आहेच ना?

आहे. पुण्यातल्या अनेक जुन्या मंडळांची मुख्य मूर्ती कायमची असते. ती मिरवणुकीत मिरवते आणि परत येते. पाण्यात जाते ती छोटी मूर्ती. भाऊसाहेब रंगारी मंडळाची असुराचा वध करणारी मूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे आणि ती लाकूड व कागदाचा लगदा यांपासून बनवलेली आहे. तुळशीबागेचा गणपती फायबरग्लासचा, शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी घडवलेला.

पण यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या मूर्ती 'ठेवायच्या आहेत' हे ठरवून घडवलेल्या आहेत. साहित्य, आतला सांगाडा, ठेवायची जागा या सगळ्याचा विचार आधी झालेला आहे. पेणला, हमरापूर-जोह्याला किंवा लालबाग-परळच्या कारखान्यात तयार होणारी नेहमीची पीओपी मूर्ती दहा-अकरा दिवस दिमाखात उभी राहावी, एवढ्याच हिशोबानं बनते. ती हलकी हवी, स्वस्त हवी आणि वेळेत हवी. वीस वर्षांनी तिचं काय होईल हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नसतो, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

प्लास्टरची मूर्ती खराब का होते?

यासाठी थोडं रसायनशास्त्र लागेल. जिप्सम नावाचं खनिज साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तेच आपलं पीओपी. त्यात पाणी घातलं की काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि पुन्हा जिप्सम बनतं.

हे जिप्सम पाण्यात अगदी थोडं विरघळतं. लिटरभर पाण्यात साधारण दोन-अडीच ग्रॅम. म्हणूनच पीओपीची मूर्ती तलावात आठवडाभरानंतरही तशीच दिसते. पण हेच 'थोडं' वर्षानुवर्षं ठेवलेल्या मूर्तीला मात्र पुरेसं असतं. ओल्या फडक्यानं दर वर्षी पुसलं, तर वरचा नाजूक थर दर वेळी थोडा झिजतो. नखं, पापण्या, दागिन्यांची नक्षी आधी जाते.

दुसरा शत्रू आत असतो. प्लास्टरला ताकद यावी म्हणून त्यात काथ्या घालतात. मोठ्या मूर्तीत लाकूड, बांबू आणि लोखंडी सळ्याही असतात. सिमेंट लोखंडाला गंजापासून काही काळ वाचवतं. प्लास्टरमध्ये तो गुण नाही. ओल आत शिरली की सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे आतून दाब येऊन हात, सोंड, कान अशा बाहेर आलेल्या भागांना तडे जातात. वरून दिसते ती फक्त केसासारखी बारीक रेघ.

तिसरा शत्रू आपण स्वतः आणतो. समई आणि धुपाची काजळी, तुपाचा-तेलाचा ओशट थर, हळद-कुंकवाचे डाग, ओल्या हारांचा ओलावा, दिव्यांच्या माळांची उष्णता. मग उत्सव संपला की मूर्ती प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळून मंडळाच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जाते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आत अडकलेली दमट हवा बुरशीला आयतं घर देते.

मग दर वर्षी रंग मारला तर काय बिघडलं?

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत: रंगकाम आणि संवर्धन. रंगकामात जुनं झाकून नवं दिसेल असं केलं जातं. संवर्धनात जे आहे ते पुढे बिघडू नये याची काळजी घेतात आणि जे गेलंय तेवढंच भरून काढतात. दोन्ही कामांना आपण बोलताना 'मूर्ती नवी करून घेतली' असंच म्हणतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दर वर्षी ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंटचा हात मारला, की तीन गोष्टी होतात.

पहिली, जाडी वाढते. एक थर पातळ असतो, पण दहा-बारा थरांनंतर ओठांची कड बोथट होते, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, डोळ्यांची खोबण भरून येते. मूर्तिकाराच्या हातानं आलेला भाव रंगाखाली गाडला जातो.

दुसरी, ओल अडकते. प्लास्टर सच्छिद्र असतं. त्यावर रंगाचा जाड, बंद थर बसला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही. मग रंग फुगतो, पोपडे निघतात, आणि पोपड्याबरोबर खालच्या प्लास्टरची पापुद्रीही सुटते. ते दिसलं की आपण पुन्हा रंग मारतो. म्हणजे दुखण्यावर दुखण्याचंच औषध.

तिसरी, जुना रंग काढताना नुकसान होतं. नवा रंग नीट बसावा म्हणून पॉलिश पेपर फिरवला जातो. त्यात मूळ रंग जातोच, वर तब्येतीलाही धोका असतो. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या मूर्तीवरच्या रंगात किती शिसं आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. कोरडं घासल्यावर उडणारी धूळ लहान मुलांसाठी खास धोक्याची. आणि उत्सवाआधी मंडपात, कारखान्यात मुलं असतातच.

पर्यावरणाचा हिशोबही इथे उलटू शकतो. दर वर्षी रंगवलेली मूर्ती दहा वर्षांनी मोडकळीला आली आणि शेवटी तलावात गेली, तर तिच्याबरोबर एक नाही, दहा वर्षांचा रंग जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपी विरघळवण्याची पद्धत दिली आहे. तिनं प्लास्टरचा प्रश्न सुटतो. पण प्लास्टर विरघळलं म्हणून त्यावरचा रंग नाहीसा होत नाही.

जगात हे प्रश्न कुणाला पडलेत?

प्लास्टरच्या देवमूर्तींचा जगातला मोठा साठा कॅथलिक चर्चमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चच्या परिसरातल्या दुकानांतून साच्यातले संत आणि मारियामाता जगभर जाऊ लागल्या. स्पेनमधल्या ओलोत या गावात १८८० मध्ये अशाच मूर्तींचा मोठा कारखाना सुरू झाला. मुंबई-वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमध्ये आणि घरातल्या वेदीवरही साच्यातल्या प्लास्टरच्या मूर्ती असतात. कोकण किनाऱ्याची दमट, खारट हवा त्यांनाही तेवढीच छळते.

आणि चुकीच्या दुरुस्तीची गाजलेली उदाहरणंही स्पेनमधलीच आहेत. २०१२ मध्ये बोर्खा गावातल्या ख्रिस्ताच्या भित्तिचित्राची दुरुस्ती तिथल्या एका वयस्क बाईंनी स्वतःच करायला घेतली आणि चेहरा ओळखू येईनासा झाला. जगभर हसं झालं. पुढे तेच चित्र पाहायला पर्यटकांची रीघ लागली, ही गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये एस्तेया गावच्या चर्चमधल्या सोळाव्या शतकातल्या संत जॉर्जच्या मूर्तीवर सपाट, भडक रंग चढवला गेला. ही मूर्ती लाकडाची होती, पण चूक तीच होती. तो रंग उतरवून मूर्ती मूळ रूपाच्या जवळ आणायला पुढे सुमारे ३० हजार युरो लागले. तरी जो मूळ रंग निघून गेला होता तो परत आला नाही.

दोन्ही ठिकाणी हेतू वाईट नव्हता. मूर्ती जीर्ण झाली होती, भक्तांना वाईट वाटत होतं आणि जवळचा, परवडणारा माणूस कामाला लागला. आपल्या कुठल्याही गावात, कुठल्याही मंडळात हेच घडू शकतं.

पण देवाची मूर्ती ही संग्रहालयातली वस्तू आहे का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही.

संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय संकेत, उदाहरणार्थ १९६४ ची व्हेनिस सनद, सांगतात की अंदाज बांधावा लागतो तिथे दुरुस्ती थांबवावी आणि नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. संग्रहालयात हे चालतं. तुटकी सोंड तशीच ठेवून खाली पाटी लावता येते.

देव्हाऱ्यात हे चालत नाही. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, ही आपल्याकडची सर्वदूर रूढी आहे. भक्ताला सोंड पूर्ण हवी आणि तिचा जोड दिसता कामा नये. शिवाय पूजेतल्या मूर्तीला पुन्हा रंग देणं, नवे डोळे आखणं हा अनेक परंपरांमध्ये सेवेचाच भाग आहे. तिथे 'मूळ रंग' हा शब्दच थोडा परका वाटतो.

ही ओढाताण महाराष्ट्रानं दगडी मूर्तींच्या बाबतीत अनुभवली आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं रासायनिक संवर्धन केलं. त्यानंतर मूर्तीच्या मस्तकावरचा नाग दिसत नाही, यावरून मोठा वाद झाला आणि तो अनेक वर्षं धुमसत राहिला. पंढरपूरला विठ्ठलमूर्तीच्या लेपनाची चर्चाही दर काही वर्षांनी होते. तिथे तज्ज्ञ होते, सरकारी विभाग होता, मंदिर समिती होती, तरी वाद टळला नाही. मग गल्लीतल्या मंडळाच्या मूर्तीचा निर्णय कोण घेतं? बहुतेक वेळा वेळेत आणि बजेटमध्ये काम करून देणारा पेंटर.

कायद्याची मदतही इथे तोकडी आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शिल्पाला 'पुरावशेष' म्हणायला ते किमान १०० वर्षं जुनं असावं लागतं. त्या कायद्याचा भरही मुख्यतः नोंदणी, व्यापार आणि निर्यातीवर आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, तीन पिढ्यांनी पूजलेली प्लास्टरची मूर्ती त्यात बसत नाही.

मग योग्य पद्धत कोणती?

तज्ज्ञांच्या कामाचा क्रम साधारण असा असतो. यातल्या बऱ्याच गोष्टी मंडळ किंवा कुटुंबही पाळू शकतं.

• आधी नोंद: हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी, चांगल्या उजेडात फोटो. चेहरा, डोळे, हात यांचे जवळून. मूर्तिकाराचं नाव, वर्ष आणि आधीच्या रंगकामाची माहिती लिहून ठेवायची.

• कारण शोधा: पोपडे का आले? भिंतीची ओल, गळका पत्रा की आतली गंजलेली सळी? कारण तसंच राहिलं, तर वरचं कुठलंही काम टिकत नाही.

• कोरडी सफाई: मऊ ब्रशनं धूळ झाडायची. पाणी, साबण, थिनर नाही. काजळीचा ओशट थर काढायचा असेल तर आधी मागच्या बाजूला अगदी छोट्या जागेवर चाचणी.

• सुटणारा रंग चिकटवा, खरवडू नका: यासाठी संवर्धक असे पदार्थ वापरतात जे पुढे गरज पडल्यास काढता येतात. पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं रसायन त्यासाठी जगभर वापरतात. एपॉक्सी पक्कं असतं, पण ते नंतर काढता येत नाही. प्लास्टरपेक्षा ते कडकही असतं, त्यामुळे पुढचा तडा जोडाच्या शेजारी जाण्याची भीती असते.

• गेलं तेवढंच भरा, तेवढंच रंगवा: नाकाचा टवका उडाला म्हणून सगळा चेहरा रंगवायची गरज नसते.

साच्यातल्या मूर्तीचा एक फायदा इथे होतो. दगडी मूर्ती एकमेव असते, त्यामुळे तुटलेला भाग कसा होता याचा अंदाज बांधावा लागतो. प्लास्टरच्या मूर्तीची त्याच साच्यातली भावंडं असू शकतात. पॅरिस किंवा ओलोतच्या जुन्या मूर्तीचं बोट तुटलं, तर दुसऱ्या चर्चमधली तीच मूर्ती पाहून ते बनवता येतं. आपल्याकडेही कारखान्यात रबरी साचा शाबूत असेल, तर हात किंवा कान हुबेहूब मिळू शकतो. अट एकच, मूर्ती कुणाकडून घेतली याची नोंद मंडळाकडे हवी.

घरच्या मूर्तीसाठी याहून सोपा नियम पुरे: ओलं फडकं फिरवायचं नाही, अभिषेक वेगळ्या धातूच्या मूर्तीवर किंवा सुपारीवर करायचा, समई अंतरावर ठेवायची, आणि साठवताना प्लॅस्टिकऐवजी सुती कापड वापरायचं.

हे काम करणार कोण?

खरी अडचण इथे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयानं धार्मिक शिल्पं जपण्याचं काम केलं आहे. लखनौला केंद्र सरकारची सांस्कृतिक वारसा संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. पण या संस्था संग्रहालयं आणि मोठ्या वारशासाठी आहेत. राज्यभरातल्या हजारो मंडळांच्या मूर्ती त्यांच्याकडे जाणार नाहीत.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडे आहेत मूर्तिकार. प्लास्टर कसं वागतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. डोळ्यांची आखणी त्यांच्याच हातची. मात्र त्यांचा सगळा धंदा दर वर्षी नवी मूर्ती विकली जाण्यावर उभा आहे. 'मूर्ती ठेवा' असं सांगणं म्हणजे त्यांना गिऱ्हाईक कमी करायला सांगणं. म्हणून पीओपीच्या चर्चेत ते नेहमी विरोधी बाजूला दिसतात.

पण मूर्ती ठेवायच्या असतील, तर त्यांची दुरुस्ती, वार्षिक तपासणी, सांगाड्याची देखभाल हे कुणाचं तरी काम होणारच. ते वर्षभर चालणारं काम आहे. मूर्तिकारांना संवर्धनाचं थोडं प्रशिक्षण मिळालं, मंडळांनी देखभालीचे पैसे दर वर्षी बाजूला काढले आणि महापालिकांनी मूर्ती ठेवायला कोरड्या जागा दिल्या, तर बुडणाऱ्या धंद्याचा काही भाग तरी इथे वळू शकतो. नवी मूर्ती घेण्यापेक्षा हे दर वेळी स्वस्त पडेलच असं नाही. मोठ्या मूर्तीची जागा आणि देखभाल यांचाच खर्च बराच असतो. म्हणून सरसकट सगळ्या मूर्ती ठेवण्यात अर्थ नाही. सहा फुटांपर्यंतच्या मूर्तीसाठी शाडू आणि कृत्रिम तलाव हा सरळ मार्ग आहे. ठेवायची ती मोजकी, नीट घडवलेली, आणि 'ठेवायची' असं आधीच ठरवलेली मूर्ती.

निष्कर्ष काय?

पीओपीचा प्रश्न आतापर्यंत पाण्याच्या बाजूनं पाहिला गेला, आणि ते बरोबरच होतं. पण विसर्जन थांबवलं की मूर्तीची जबाबदारी समुद्राकडून आपल्याकडे येते. विसर्जनाच्या परंपरेत मूर्ती म्हातारी होण्याआधीच निरोप घेते. त्यामुळे म्हाताऱ्या मूर्तीचं करायचं काय, हे शिकायची वेळ बहुतेक मंडळांवर आलीच नव्हती. ती आता आली आहे.

पूजेतल्या मूर्तीला रंग द्यायला हरकत असण्याचं कारण नाही. फक्त तो रंग असा असावा, की पुढच्या पिढीला वाटलं तर तो उतरवून खालचा चेहरा पाहता येईल. तुमच्या मंडळात किंवा घरात जुनी मूर्ती रंगवायचं ठरत असेल, तर ब्रश उचलण्याआधी तिचे फोटो काढून ठेवा आणि पोपडे कुठल्या ओलीमुळे निघतायत ते शोधा. या दोन गोष्टींना जवळपास काहीच खर्च येत नाही.